काळ्या दोऱ्याची बाटली

फेलिक्स कंपौंडरला सगळं ठाणं देवमाणूस म्हणायचं. गोरगरिबाच्या बाटलीला स्वतःच्या हाताने डोसाची पट्टी लावतो, म्हातारीकोतारीला चार चार वेळा समजावून सांगतो, कधी कुणावर खेकसत नाही. देवमाणूस म्हणे! डोंबलाचा देवमाणूस. बाटलीच्या गळ्यात दोऱ्याची गाठ मारताना हा माणूस मनातल्या मनात दुसऱ्याच कुणाचा तरी गळा आवळत होता, आणि हे त्याने एकदोन दिवस नाही, चांगली पंधरा वर्षं केलं.

गळा होता महिपतरावांचा. आता हे महिपतराव कोण, ते ऐका.

ठाण्याच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका शेटजींनी धर्मादाय दवाखाना बांधला होता. औषध फुकट, बाटली मात्र ज्याची त्याने घरून आणायची. डॉक्टर आत तपासायचे, चिठ्ठी लिहून द्यायचे, आणि ती चिठ्ठी घेऊन माणूस कंपौंडरच्या खिडकीशी यायचा. खिडकीच्या आत महिपतराव. इस्त्रीचं उपरणं, कपाळाला गंध, आणि सोवळं असं कडक की बाहेरच्या कुणाच्या बाटलीला बोट लागू द्यायचे नाहीत. खिडकीच्या फळीवर बाटली ठेवायची आणि दोन पावलं मागे सरायचं. मग महिपतराव नरसाळ्यातून वरून औषध सोडणार. निम्मं बाटलीत, निम्मं फळीवर. औषधाचे डोस मोजायला कागदाची कातरलेली पट्टी बाटलीला चिकटवायची असते, ती ते चिकटवायचे नाहीत. चिकटवायची तर बाटली धरावी लागते ना! पट्टी नि गोंदाची वाटी फळीवर ठेवलेली असायची. घ्या नि लावा तुम्ही तुमची. कुणी लावायचं, कुणी नाही, कुणी उलटी लावायचं.

अठराशे अडुसष्ट सालच्या उन्हाळ्यात कोलशेतहून एक होडी बंदराला लागली. होडीत मॅग्डलीन आणि तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा फेलिक्स. नवरा मागेच वारलेला. मायलेक मिठागरावर राबायचे, आणि खाऱ्या पाण्यात उभं राहून राहून बाईचे गुडघे गेलेले. त्यात पंधरा दिवसांपासून खोकला. डॉक्टरांनी तपासून दोन औषधं लिहिली, एक खोकल्याचं, पोटात घ्यायचं, आणि एक गुडघ्याला चोळायचं. चोळायच्या औषधात बचनाग असतो. कातडीवर तो दुखणं ओढून घेतो, पोटात गेला तर माणूस घेऊन जातो.

मॅग्डलीन बाहेर चिंचेखाली टेकली. फेलिक्सने फळीवर दोन बाटल्या ठेवल्या. कुठल्याशा लग्नातल्या विलायती दारूच्या रिकाम्या बाटल्या, दोन्ही अगदी सारख्या. महिपतरावांनी वरून धार सोडली. एक औषध तपकिरी, दुसरंही तपकिरी. ह्यालाही कापराचा वास, त्यालाही कापराचा वास.

"कुठली कशाची, मालक?" फेलिक्सने विचारलं.

महिपतरावांनी हनुवटी उडवली. "डावीकडची पोटात, उजवीकडची गुडघ्याला. चल, हो पुढे."

मंडळी, महिपतराव खिडकीच्या आत, फेलिक्स बाहेर. दोघांची तोंडं एकमेकांकडे. महिपतरावांची डावी ती फेलिक्सची उजवी. बाटली हातात धरून "ही पोटात" एवढं म्हणाले असते तरी झालं असतं, पण हात कसा लावणार!

आणि फेलिक्स तरी कसा भाबडा. डावीकडची बाटली डाव्या हातात, उजवीकडची उजव्या हातात. होडीत बसला तरी खाली ठेवीना. आईला हसू आलं. "आरं, ठेव ना खाली, का बाळ हाय ती?" तो म्हणाला, "नको आये, घोटाळा व्हायचा." होडी दुसऱ्या कुणी वल्हवली. घरी पोचल्यावर त्याने डाव्या हातातली बाटली उघडली, पेला भरला आणि स्वतःच्या हाताने आईच्या तोंडाला लावला.

"ओठ कसं बधिर झालं रं," मॅग्डलीन म्हणाली. मग जीभ. मग हातापायांना मुंग्या. शुद्ध मात्र शेवटपर्यंत होती, आणि हीच त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. दिवेलागणीच्या आधी बाई गेली.

चौकशी झाली. फौजदार आला, डॉक्टर आले, महिपतरावांना बोलावलं. ते उपरणं सावरून म्हणाले, "मी चोख सांगितलं होतं साहेब. ह्या लोकांना डावं-उजवं कळत नाही, त्याला मी काय करू?" फौजदाराने मान हलवली. कागद मिटला. फेलिक्स तिथेच उभा होता. त्याला कुणी काही विचारलं नाही, आणि पेला कुणी पाजला हे त्याने आपणहून सांगितलं नाही. गावाला वाटलं, बाईने आपल्या हाताने घेतलं. तो घास त्याने तसाच गिळला.

पुरून आल्यावर पाद्रीबाबा म्हणाले, "फेलिक्स, त्या माणसाला क्षमा कर."

"करीन फादर," फेलिक्स म्हणाला. "आधी त्याची खुर्ची घेतो, मग करीन."

मिठागरावरचा पोरगा, अक्षरओळख तेवढी पाद्र्यांच्या शाळेतली. पण डोक्यात सूड बसला की माणसाला काय काय येतं बघा! तो कल्याणला गेला. तिथल्या दवाखान्यात बाटल्या धुवायला लागला. तिथले कंपौंडर पंढरीमास्तर तोंडाने फटकळ पण विद्येला उदार. "खल असा धरतात का रे, गाढवा? भाकरी थापतोयस?" करत करत त्यांनी त्याला सगळं शिकवलं. ग्रेन नि ड्रॅम नि औंस ही मापं. गोळ्या वळणं, मलम घोटणं. हिवतापावरचं कोयनेल जिभेच्या टोकावर ठेवून खरं-खोटं ओळखणं. बाकीची पोरं कंटाळून पळाली, हा चिकटून राहिला. पंढरीमास्तर कौतुकाने म्हणायचे, "हा पोरगा दोनदा मोजतो. मी नऊ वर्षांत ह्याची एक चूक पाहिली नाही." त्यांना काय माहीत, हा दोनदा का मोजतो ते. त्याच्या डोळ्यांपुढे सारखा एक पेला असायचा.

मुंबईला जाऊन त्याने कंपौंडरची परीक्षा दिली, पास झाला, आणि त्याच आठवड्यात ठाण्याच्या धर्मादाय दवाखान्याच्या पंचांना अर्ज लिहिला. अर्जात एक ओळ जास्तीची घातली: सध्याचे कंपौंडर कोणतीही परीक्षा पास नाहीत, हे आपल्या नजरेस आणतो. ती ओळ त्याने तीन वेळा सुवाच्य अक्षरात उतरवून काढली होती. पंच आधीच तक्रारींनी वैतागलेले. सत्याहत्तर साली महिपतरावांना नारळ मिळाला आणि फेलिक्सला खुर्ची.

त्या दिवशी फेलिक्स काळा कोट घालून गेला. वाटलं, आज हा माणूस आपल्याला ओळखेल, चेहरा पडेल त्याचा. महिपतरावांनी कपाटाची किल्ली काढली, फेलिक्सने हात पुढे केला, आणि त्यांनी ती किल्ली वरून सोडली. वीतभर उंचीवरून! ओळखबिळख काही नाही. उपरणं झटकलं नि चालते झाले.

फेलिक्सच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खुर्ची मिळाली, पण सूड कुठे मिळाला? त्या दिवशी पहिली बाटली आली ती कळव्याच्या एका आजोबांची. फेलिक्सने ती हातात घेतली, पुसली, औषध भरलं, पट्टी कातरून स्वतः चिकटवली. त्यांची दुसरी बाटली चोळायच्या औषधाची होती. त्याने कोटाच्या खिशातून काळा दोरा काढला आणि बाटलीच्या गळ्याशी तिहेरी गाठ मारली. मग आजोबांचा हात धरला, बोटं त्या गाठीवर ठेवली.

"काय लागतंय हाताला?"

"दोरा."

"दोऱ्याची बाटली पोटात नाही. म्हणा."

"दोऱ्याची बाटली पोटात नाय."

तेव्हापासून हाच रिवाज पडला. चोळायचं औषध असेल तर काळा दोरा, नि हात गाठीवर ठेवून बोलून दाखवल्याशिवाय बाटली सोडायची नाही. रांग वाढली, डॉक्टर कुरकुरले, फेलिक्स ढिम्म हलला नाही. प्रत्येक गाठ म्हणजे महिपतरावांच्या थोबाडीत एक, असा त्याचा हिशेब. बघ, तुला जमलं नाही ते असं होतं. बघ, हात लावला तर हात झडत नाही. लोक येत गेले. कोलशेतचे, कळव्याचे, बाळकुमचे, कुणी तर पार डोंबिवलीकडून पायी. भाजीवाली हौसाबाई तर इतकी तयार झाली की नवीन माणूस रांगेत दिसला की तीच शिकवायची. "बिनदोऱ्याची मुकी बाटली असती बाबा. मुकी बाटली पोटात, गळ्यात दोरा असंल तर अंगाला. काय?" तिच्या घरी चार नातवंडं होती आणि चारही जणांना दोऱ्याचा कायदा पाठ होता. पंधरा वर्षांत त्या खिडकीतून गेलेल्या औषधाने एकही माणूस दगावला नाही. लोक हात जोडायचे तेव्हा फेलिक्सला अवघडल्यासारखं व्हायचं. अरे, मी तुमच्यासाठी करत नाही रे, असं त्याच्या जिभेवर यायचं. मग रात्रीचं पोटभर जेवण व्हावं तसं मन भरल्यासारखंही वाटायचं, नि त्याचा त्याला आणखी राग यायचा.

मनात त्याने एक चित्र रंगवून ठेवलं होतं. कधी ना कधी महिपतराव ह्या खिडकीशी येतील. खोकला नि गुडघे, म्हातारपणी काय, कुणालाही होतं. दोन बाटल्या आणतील. त्यांना आपण दोन सारख्या बाटल्या द्यायच्या. जास्त काही करायचं नाही, विष घालायचं नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीबाहेर एक थेंब नाही. फक्त त्यांनी माझ्या आईला दिलं ते, तेवढंच, तस्संच परत. दोरा बांधायचा नाही. बस्स.

ब्याण्णव साली आश्विनात ते आले.

सत्तरीला टेकलेले, उपरण्याची रया गेलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. काठीने चाचपडत खिडकीशी आले आणि चिठ्ठी पुढे केली. खोकल्याचं एक, गुडघ्याला चोळायचं एक. दोन बाटल्या फळीवर ठेवल्या. सारख्याच! फेलिक्सचे कान गरम झाले.

त्याने औषधं भरली. खोकल्याच्या बाटलीला पट्टी लावली नाही. चोळायच्या बाटलीला दोरा बांधला नाही. दोरा खिशातच होता, बोटाला लागत होता. दोन्ही बाटल्या फळीवर ठेवल्या, स्वतः एक पाऊल मागे सरला, आणि चोवीस वर्षं घोकून ठेवलेलं वाक्य म्हणाला.

"डावीकडची पोटात, उजवीकडची गुडघ्याला. व्हा पुढे."

"डावीकडची पोटात," महिपतरावांनी पुटपुटत म्हटलं. एकेक बाटली एकेका हातात धरली, काठी काखेत मारली आणि वळले. फेलिक्स बघत राहिला. डाव्या हातात बचनाग. बस, आता घरी जा, पेला भर. ओठ बधिर होतील. शुद्ध शेवटपर्यंत राहील. आये, बघतेस ना?

महिपतराव चार पावलं गेले असतील. पाचव्या पावलाला रांगेतून आरोळी आली.

"ओ ओ आजोबा! थांबा! ओ फेलिक्सबाब, ह्यांच्या बाटल्या मुक्या गेल्या की! दोन्ही मुक्या! दोरा रायला!"

हौसाबाई. टोपली खाली टाकून ती धावलीच. म्हाताऱ्याचं मनगट धरलं, दोन्ही बाटल्या काढून घेतल्या. मागची आणखी चार माणसं ओरडायला लागली, "दोरा रायला, दोरा रायला." एका बाईने तर म्हाताऱ्याला दरडावलं, "बोलून दाखवल्याशिवाय निघालाच कसे तुम्ही?"

आता काय म्हणावं ह्याला! पंधरा वर्षं ह्याने रागाने रागाने ज्यांना शिकवलं, त्यांनीच ह्याचा सूड भर रस्त्यात अडवला.

हौसाबाईने बाटल्या फळीवर आणून ठेवल्या आणि फेलिक्सकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत संशय नव्हता, काळजी होती. "बाब, बरं नाय का तुमाला? तुमी नाय कवा विसरत ते."

आपण काय करत होतो हे फेलिक्सला आत्ता कळलं असं नाही, कळतच होतं. पण हौसाबाईच्या समोर ते उघडं पडल्यासारखं वाटलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने खिशातून दोरा काढला. चोळायच्या बाटलीला तिहेरी गाठ मारली. राग मात्र तसूभर उतरला नव्हता.

"महिपतराव," तो म्हणाला, "हात आणा इकडे."

"कशाला?"

"हात आणा!"

खिडकीतून हात बाहेर काढून त्याने म्हाताऱ्याचा पंजा धरला. उघड्या हाताने, घट्ट. महिपतरावांनी सवयीने झटका दिला. फेलिक्सने सोडला नाही.

"चोवीस वर्षांपूर्वी तुम्ही ह्याच खिडकीत उभे होतात. कोलशेतची मॅग्डलीन. दोन बाटल्या. डावीकडची पोटात म्हणालात. तुमची डावी, महिपतराव! आमची नव्हे! ती गेली. आठवतं?"

म्हातारा बावचळला. कपाळाला आठ्या घातल्या, आठवायचा खरंच प्रयत्न केला. "कोण मॅग्डलीन?" तो म्हणाला. "इतकी माणसं यायची रे… मला नाही आठवत."

अरे देवा! ज्याच्यासाठी फेलिक्सने जन्म जाळला, लग्न केलं नाही, कल्याणात बाटल्या घासल्या, त्या माणसाला नावसुद्धा आठवत नव्हतं. एक वेळ तो "हो, माझी चूक" म्हणाला असता तरी चाललं असतं, "नाही, माझी चूक नव्हे" म्हणून भांडला असता तरी चाललं असतं. काही आठवतच नाही म्हणजे काय!

"मग आठवण करून देतो," फेलिक्स दात आवळून म्हणाला. त्याने म्हाताऱ्याची बोटं गाठीवर दाबली. "ही गाठ तिची आहे. औषध घ्यायच्या आधी गाठ चाचपायची आणि म्हणायचं, मॅग्डलीन, ही नव्हे. इथे म्हणून दाखवायचं, दर आठवड्याला, सगळ्यांसमोर. घरीही म्हणायचं. नाव घेतल्याशिवाय ह्या खिडकीतून तुम्हाला थेंब मिळणार नाही. म्हणा."

फेलिक्सचा आवाज असा चढलेला रांगेत कुणी ऐकलाच नव्हता. महिपतरावांचे ओठ हलले. जन्मभराची ताठ मान, पण खोकल्याची उबळ आली नि ती मान वाकलीच.

"मॅग्डलीन," ते म्हणाले, "ही नव्हे."

"मोठ्याने."

"मॅग्डलीन, ही नव्हे!"

तीन वर्षं महिपतराव दर गुरुवारी आले. तीन वर्षं त्यांनी रांगेसमोर गाठीवर हात ठेवून ते नाव घेतलं. फेलिक्सने एकदाही सूट दिली नाही. पावसात आले तरी नाही, ताप अंगात असताना आले तरी नाही. दर गुरुवारी त्यांचा पंजा हातात धरायचा आणि म्हणायला लावायचं. पहिल्या वर्षी त्याला त्यात सुख वाटायचं. दुसऱ्या वर्षी सवय झाली. तिसऱ्या वर्षी एका गुरुवारी महिपतराव आले नाहीत, तेव्हा फेलिक्स दिवसभर रस्त्याकडे बघत होता, आणि स्वतःलाच शिव्या घालत होता की मेल्या, तू वाट कुणाची बघतोयस!

त्यानंतर दोन आठवड्यांनी महिपतरावांच्या पत्नी, गंगुबाई, आल्या. कपाळ मोकळं. पदरात गुंडाळलेल्या दोन बाटल्या त्यांनी काढल्या. फळीवर ठेवल्या नाहीत, सरळ फेलिक्सच्या हातात दिल्या.

"गेले," त्या म्हणाल्या. "झोपेतच गेले. बाटल्या परत आणल्यात, कुणाच्या उपयोगी पडतील."

एका बाटलीला दोरा होता. तीन वर्षं चाचपून चाचपून गाठ गुळगुळीत झाली होती.

"एक विचारायचं होतं," गंगुबाई म्हणाल्या. "शेवटी शेवटी त्यांना काही समजत नव्हतं. मला ओळखत नव्हते, मुलीला ओळखत नव्हते. मी पाणी द्यायला गेले तर, तू कोण, म्हणायचे. पण औषधाची वेळ झाली की आपला हात बाटलीच्या गळ्याशी न्यायचे आणि म्हणायचे, मॅग्डलीन, ही नव्हे. रोज. गेले त्या दिवशीसुद्धा. मी लाजेकाजेने कुणाला विचारलं नाही. तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा. कोण हो ही?"

फेलिक्सला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. बायको विसरला, पोटची मुलगी विसरला, आणि हिचं नाव घेत मेला. ह्याहून मोठा सूड कुणी घेतला असेल का? आता हसायचं, नि सांगायचं ह्या बाईला, तुझ्या नवऱ्याने मारलेली बाई ती. ते वाक्य तयार होतं. सत्तावीस वर्षं तयार होतं.

त्याने हातातल्या बाटलीकडे बघितलं. डाव्या हातातच धरली होती.

"माझी आई," तो म्हणाला. "तुमच्या यजमानांनी औषध भरलं होतं." रांगेत हौसाबाई उभी होती, तिच्या मागे दहाबारा जण. "पण पाजलं मी होतं. ह्याच हाताने."

गंगुबाईंनी पदर तोंडाला लावला. मग खिडकीच्या फळीवर हात ठेवला, त्याच्या हाताशेजारी, आणि हळूहळू रस्त्याला लागल्या.

रांगेतून हौसाबाई पुढे आली. तिच्या हातात गुडघ्याच्या औषधाची रिकामी बाटली होती. ती तिने खिडकीतून आत सरकवली आणि आपलं बोट बाटलीच्या गळ्यावर आडवं धरलं, दोरा घसरू नये म्हणून.

"बांध, बाब," ती म्हणाली. "बांध गाठ."

त्याने औषध भरलं. दोनदा मोजलं. आणि गाठ बांधली.